सोबतीची बोट

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, माझा आवाज आज बसलाय. एका बाईची गोष्ट सांगतो. छोटीशीच आहे, पण मन इकडेतिकडे जाऊ देऊ नका.

शर्यतीचा तिसरा दिवस. किनाऱ्याकिनाऱ्याने, एकेकट्याने वल्हवत जायची शर्यत. शेवटचं भूशीर आलं होतं आणि त्याच्या पायथ्याशी पाणी काळ्या खडकांवर आपटत होतं. होडीत एक नर्स होती. तिच्यापासून दहा-बारा हात अंतर राखून एक गवंडी आपली इंजिनाची बोट चालवत होता. तो तिचा कोणी नव्हे. अशा सोबतीच्या बोटी गावातली माणसं आपखुशीने चालवत. स्पर्धक बुडायला लागला तर ओढून घ्यायचं, एरवी फक्त बरोबर राहायचं; त्याला एकटं टाकून कुठे जायचं नाही. आणि स्पर्धकाचा नुसता हात जरी या बोटीला लागला, तरी तो बाद. म्हणून घरच्या माणसामागे घरची बोट कधी लावत नसत. माया असली की हात पुढे जातोच.

"दादा, माझ्यासमोर केळं खाऊ नका," नर्स धापा टाकत म्हणाली.

"मग तिकडे बघ. खडकांकडे ओढ आहे, बाहेरच्या अंगाने ने."

"वर्षभर हेच भूशीर स्वप्नात येतंय माझ्या. आज याला मागे टाकतेच."

"तोंड कमी चालव, हात जास्त."

ती हसली. गेल्या खेपेला ती इथूनच परतली होती. आज तिच्यापुढे एकच होडी उरली होती.

तेवढ्यात गवंड्याच्या बोटीतला वायरलेस खरखरला. मागच्या खाडीच्या तोंडाशी सोबतीला असलेल्या शिलाईवाल्या काकूंचा आवाज होता. "नऊ नंबरची होडी उलटली हो. माझं इंजिन बंद पडलंय. पोरगा होडीला धरून आहे, पण पाणी त्याला लांब नेतंय. मला काही पोचता येत नाही. कोणीतरी या."

गवंड्याच्या हातातलं केळं हातातच राहिलं. नऊ नंबर म्हणजे त्याचा धाकटा भाऊ.

किनाऱ्यावरून नियंत्रक बोलला, "बचावाची लाँच दुसऱ्या टोकाला आहे, वेळ लागेल. गवंडी, सगळ्यात जवळ तूच. तुझी स्पर्धक कुठे आहे?"

"खडकांच्या तोंडाशी."

गवंड्याने एकदा मागे खाडीकडे पाहिलं, मग तिच्या होडीकडे.

"तिला इथे टाकून येता येणार नाही," गवंडी म्हणाला. "दुसरं कोणी बघा."

नर्सचे हात थांबले नव्हते. "नऊ नंबर कोण, दादा?"

"आहे एक. तू वल्हव."

"तुमचा कोण?"

त्याने नजर खडकांवरच ठेवली. ओठ मात्र हलत होते. नाव घेत होता; देवाचं की भावाचं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. एक लाट उसळली आणि होडी खडकांकडे ढकलली गेली. "बाहेर काढ, बाहेर," तो ओरडला. तिने दात आवळून होडी बाहेर काढली.

काकू पुन्हा बोलल्या. आता त्यांचा आवाज फुटत होता. "मघापर्यंत त्याची टोपी दिसत होती हो. आता लाटांत काही कळत नाही."

नर्सने मान वळवून पाहिलं. भूशिराच्या टोकापलीकडे, लांबवर, शेवटची निशाणं फडकत होती. तासाभराचं वल्हवणं. तिने तोंडावरचं खारं पाणी पुसलं. मग होडी फिरवली आणि सरळ गवंड्याच्या बोटीवर घातली.

"अगं, लांब राहा. हात लागेल, बाद होशील."

तिने वल्ही पाण्यात सोडून दिली आणि त्याच्या बोटीची कड मुठीत घट्ट धरली.

"झाले बाद. आता तुम्ही माझ्यात अडकलेले नाही. वर घ्या मला."

गवंडी तिच्या मुठीकडे बघतच राहिला.

"दादा, उशीर होतोय."

त्याने तिला काखेत हात घालून वर ओढली. "होडी मागे बांधतो."

"नको. वेग कमी होईल."

बोट वळली. मागे खडकावर फळ्या फुटल्याचा आवाज झाला. दोघांनीही मागे पाहिलं नाही.

धाकटा उलट्या होडीच्या पाठीवर पालथा सापडला. हात केव्हाच सुटले होते. पाय दोरीत गुंतला म्हणून तेवढा वाहून गेला नव्हता. दोघांनी त्याला आत घेतला. नर्सने त्याच्या नाकाशी गाल नेला, मान मागे केली आणि तोंडात फुंकर घातली. मग पुन्हा. मग पुन्हा. गवंडी सुकाणू धरून उभा होता. त्याला बघवत नव्हतं आणि नजरही काढून घेता येत नव्हती.

अखेर धाकट्याला खोकला आला. नर्सने त्याला कुशीवर वळवलं. भडभडून पाणी पडलं.

काकूंची बोट मागे बांधून ते किनाऱ्याकडे निघाले, तेव्हा त्याने डोळे उघडले. तिच्या छातीवरचा नंबर त्याने वाचला.

"तुम्ही तर कितीतरी पुढे होतात. इथे कशा?"

"बोलू नका," ती म्हणाली. "उलटी होईल."

गवंड्याने तोंड समुद्राकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

संध्याकाळी किनाऱ्यावर जिंकलेल्यांची नावं पुकारली गेली. तिचं पुकारायचं कारणच नव्हतं. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. रात्री निजताना आपल्या माणसांची नावं देवाच्या कानावर घालता ना, त्यांत हिलाही घ्या. नाव मलाही ठाऊक नाही. वल्ही सोडून दिलेली बाई, एवढंच म्हणा. त्याला कळेल.