पिवळी पट्टी

"एब्बे, पिवळी पट्टी परत आलीय," विबेके फोनवर म्हणाली, आणि एब्बेने कपाळाला हात लावला.

"मग दाब की. 'चालू द्या' असं लिहिलंय तिथे. वाचता येतं ना?"

"पण खाली धोका म्हणून लिहिलंय."

"केक," एब्बे म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

नगरपालिकेच्या त्या कचेरीत रीतच होती. ज्याने घोळ घातला, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी केक आणायचा. कुणी चुकीच्या घराची किल्ली दिली, केक. कुणी कॉफीचं यंत्र बिघडवलं, केक. बाकीचे हे हसतखेळत करायचे. एब्बे मात्र न्यायाधीशासारखा बसायचा. संगणकाचं काम बघणारा तो एकटाच, आणि आपण सोडून या इमारतीत कुणाला डोकं नाही, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. विबेकेला तर तो बिनडोकांची राणी समजायचा.

विबेकेचं काम खालच्या मजल्यावर. गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे रोज कोण जाणार, कुणाला इन्सुलिन टोचायचं, कुणाच्या सुजलेल्या पायांवर नुसते घट्ट मोजे चढवून द्यायचे, हे सगळं एका स्प्रेडशीटमध्ये होतं. ती फाइल बंद पडली, की परिचारिका सायकली घेऊन अंगणात उभ्या आणि म्हातारी माणसं दाराकडे डोळे लावून. म्हणून विबेके फाइलला जपायची. आणि ती फाइल उघडली रे उघडली, की वर पिवळी पट्टी: यात मॅक्रो आहेत, सावधान. मॅक्रो म्हणजे फाइलच्या पोटात बसून आपोआप चालणाऱ्या सूचना. कामाच्याही असतात आणि चोरांच्याही.

फाइलमध्ये मॅक्रो एकही नव्हता. हे एब्बेला पक्कं माहीत होतं, कारण जुना मॅक्रो त्यानेच काढून टाकला होता. काढताना त्याचं रिकामं खोकं तेवढं आत राहिलं, आणि बिचारा संगणक त्या खोक्यालाच घाबरत होता. खोकं काढायला पाच मिनिटं पुरली असती. पण त्यासाठी सगळ्यांना फाइल बंद करायला सांगावं लागलं असतं, विबेकेने कारण विचारलंच असतं, आणि केक एब्बेला आणावा लागला असता. एब्बे आणि केक! छे. त्यापेक्षा पट्टीच खोटी म्हणून सांगणं सोपं होतं.

तेच त्याने केलं. सगळ्या खात्याला ईमेल धाडला: "पट्टी खोटी. दाबा. विचारू नका." त्याचे ईमेल असेच असत. वर नाव नाही, खाली राम राम नाही. गोड बोलायला ज्यांना वेळ असतो त्यांना काम नसतं, असं त्याचं म्हणणं होतं.

सगळे दाबू लागले. विबेके तेवढी विचारत राहिली आणि केक आणत राहिली. सफरचंदाचा झाला, मग गाजराचा. तिसऱ्या खेपेला तिने वर खोबऱ्याचा जाड थर दिलेला केक आणला, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, की झालं, यापुढे पट्टी दिसली की ती डोळे मिटून दाबेल आणि एब्बेला त्रास देणार नाही. एब्बेने दोन तुकडे घेतले. निदान स्वयंपाकघरात तरी हिचं डोकं चालतं, असं तो तोंडात घास असताना म्हणाला. कुणी हसलं नाही. त्याला वाटलं, यांना विनोदसुद्धा कळत नाही.

पुढे फोन बंद झाले. एब्बे खूश होता. मग एका सकाळी, परिचारिका निघायच्या वेळेला, फोन वाजला.

"दाब, विबेके, दाब," तो ऐकून न घेताच म्हणाला.

"आमच्या फाइलचं नाहीये हे. तू आत्ता ईमेलने नवी फाइल पाठवलीस का सगळ्यांना? तिच्यावर पण पट्टी आहे."

एब्बे खुर्चीत ताठ झाला. त्याने कुठलीच फाइल पाठवली नव्हती. आत काय असणार ते त्याला न उघडताच कळलं. शेजारच्या गावातल्या कचेरीचं असंच झालं होतं. एकाने दाबलं आणि चोरांच्या मॅक्रोने सगळ्या याद्या कुलूपबंद केल्या. कितीतरी म्हातारे इन्सुलिनविना दुपारपर्यंत ताटकळले होते. आणि इथे तर सगळ्यांना डोळे मिटून दाबायला त्यानेच शिकवलं होतं.

"कुणी दाबलं?" त्याने कसंबसं विचारलं.

"कुणीच नाही. मी टेबलाटेबलावर जाऊन सगळ्यांचे हात धरले."

"पट्टी बघून?"

"पट्टीला कोण विचारतं आता? ती खोटीच असते ना."

"मग? माझं नाव नव्हतं त्यावर?"

"नाव तुझं, पत्ता तुझा, सहीसुद्धा तुझी. मी दाबणारच होते," विबेके म्हणाली. "पण मला आलेल्या ईमेलवर सुरुवातीलाच लिहिलं होतं, 'प्रिय विबेके, तुला कामात त्रास देतोय, माफ कर.' म्हटलं, हा आपला एब्बे असूच शकत नाही."