पाण्याचाच दोष

"आता?" ऑपरेटरनं विचारलं.

"अंधूकच," बायको म्हणाली.

"मेलं हे पाणी!" त्यानं प्रोजेक्टरखालचं स्टूल बोटभर मागं सरकवलं. न्हाणीघराच्या चौकटीवर आडवी नळी बांधली होती. तिच्या नोझलांतून बारीक तुषार उडत होते आणि त्यांच्यावर परगावच्या लेकीनं पाठवलेल्या व्हिडिओतली नात हसत होती. खिडकीला ब्लँकेट ठोकून अंधार केलेला. हॉलभर पाणीच पाणी. पुसून पुसून बायकोचे हात भरून आले होते.

उभा जन्म त्याचा थिएटरच्या मशीनवर गेला. पडद्यावरचं चित्र जरा पुसट झालं तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. आणि त्याच्याच खेळाला लोक 'फोकस, फोकस' म्हणून बोंबलले, आता बोला! नव्या मशीनची लेन्स भिकार आहे, असं त्यानं घसा फोडून सांगितलं. मॅनेजरनं ऐकलं नाही, घरी बसवलं. मग स्वारी भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. धड जेवण नाही, बोलणं नाही. शेवटी बायकोनंच हे पाण्याचं खूळ मोबाइलवर पाहिलं आणि त्याच्या डोक्यात भरवलं. आता त्याचा एकच ध्यास. पाण्यावर चित्र लख्ख उभं करायचं, मॅनेजरला आणून दाखवायचं आणि पुन्हा मशीनवर जायचं.

"नातीला दात आलेत म्हणे," तो म्हणाला. "दात राहू देत, नाक दिसेल तर शपथ!"

"पाण्यापुढं कुणाचं काय चालतंय! आधी डोळ्यांत औषध घालून घ्या बघू."

"औषध कसलं घेऊन बसलीस? याहून बारीक नोझल हवं. पंप बंद करू नकोस, खालच्या नळवाल्याकडून आणतोच."

त्यानं पायानं चाचपून चपला घातल्या आणि कठडा धरून जिना उतरला. त्याला अडवावं असं बायकोला फार वाटलं. पण अडवून सांगणार काय?

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू तणतणत वर आल्या. "अगं, आमच्या छतातून धार लागलीय! घर आहे की..." त्या दारातच थबकल्या. राग कुठल्या कुठे पळाला.

"अगं बाई, दोन दात आले की ठकीला! हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसतोय. इतकं लख्ख! मग भाऊ आणखी काय आणायला धावलेत?"

बायकोनं फडकं पिळलं. जिन्यात चप्पल वाजली. एक पायरी, मग थांबून दुसरी.

"काकू, पाया पडते," ती हळूच म्हणाली. "ते आले की तुम्हीही अंधूकच म्हणा."