कुठेच गळती नाही

अर्धा तास झाला तरी रेडिएटरच्या तोंडाला लावलेल्या प्रेशर-गेजचा काटा जागचा हलला नव्हता. मिस्त्रीने काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा ढिम्म. म्हणजे रेडिएटर, पाइप, पंप, सगळं ठणठणीत.

"काय म्हणतेय गाडी?" बाईंनी विचारलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या. अर्धी रजा टाकून तशाच आल्या होत्या. बोटांवर खडू होता.

"काहीच म्हणत नाही. तेच तर वाईट आहे."

गाडी एकवीस वर्षांची. गेले दोन महिने दर आठवड्याला इंजिन थंड ठेवणारं कूलंट पेलाभर कमी होत होतं आणि खाली जमिनीवर थेंबही नव्हता. इंजिनच आतल्या आत पीत असणार, असं मिस्त्रीला वाटलं होतं. म्हणून सकाळी त्याने चारही प्लग काढले. कोरडे. ऑइलची काडी ओढून पाहिली. ऑइल स्वच्छ, कूलंट शिरलं असतं तर ते दुधाळ झालं असतं. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. डॅशबोर्डखालचं कार्पेटही कोरडं. चाळीस वर्षांत एकाही गाडीने त्याला असं तोंडघशी पाडलं नव्हतं.

आता दिवा तेवढा राहिला होता. मागच्या मंगळवारी त्याने कूलंटमध्ये एक रंग मिसळला होता. निळ्या दिव्याखाली तो रंग हिरवागार चमकतो. सुईच्या टोकाएवढी गळतीसुद्धा त्याला चुकत नाही. मिस्त्रीने शटर ओढून घेतलं आणि दिवा इंजिनभर फिरवला. वरून, खालून, फटीफटीतून. कुठेच काही नाही.

चमकली ती फक्त कूलंटची टाकी. तीही तोंडाशी, बाहेरून. कुणीतरी ओतताना सांडावा तसा एक ओघळ.

मिस्त्री खाली वाकला. त्याच मंगळवारी त्याने टाकीच्या झाकणापासून गळ्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली होती. जुनी खोड त्याची. आता रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून बोटभर सरकले होते.

"झाकण उघडलं होतंत?"

"मी? छे! तुम्ही हात लावू नका म्हणालात, नाही लावला."

"दुसऱ्या कुणी?"

"घरात आम्ही तिघंच. बाबा अंथरुणावर. आणि धाकट्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही." बाई किंचित हसल्या. "त्याला वेळ तरी कुठे आहे! चार वर्षं नोकरी सोडून बाबांचं करतोय. खाणं, पिणं, औषधं, सगळं त्याच्याच हातून. थकलाय बिचारा, पण मला कशाला हात लावू देत नाही."

"बाबांना काय झालंय?"

"तेच तर डॉक्टरांना कळत नाही. झोक जातो, उलट्या होतात, आता किडन्याही साथ सोडायला लागल्यात. दवाखान्यात ठेवलं की सुधारतात. घरी आणलं की चार दिवसांत पुन्हा तेच. परवा रविवारी न्यायला लागलं, तर वाटेत गाडीतच उलटी झाली. कालच घरी आणलंय."

मिस्त्रीच्या हातातला दिवा तसाच राहिला. मागे एकदा गॅरेजातलं कुत्रं सांडलेलं कूलंट चाटून गेलं होतं. गोड लागतं ते. आधी कुत्रं दारुड्यासारखं झोकांड्या खात फिरलं, मग ओकायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली आणि चौथ्या दिवशी मिस्त्रीनेच त्याला मागच्या भिंतीशी पुरलं.

"रविवारी बाबा कुठे बसले होते?"

"मागे. डाव्या बाजूला. का?" बाई म्हणाल्या. "मी धुतलीये सीट. साबणाने घासून."

मिस्त्रीने मागचं दार उघडलं आणि दिवा आत धरला. सीट स्वच्छ होती. शिवणीत मात्र साबण पोचला नव्हता. टाक्याटाक्याला हिरवा उजेड होता, अगदी टाकीच्या तोंडाशी होता तसाच.

बाई त्याच्या खांद्यामागून पाहत होत्या. दिव्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "इंजिनच बघा ना परत एकदा. जुनी गाडी आहे. असेल हो कुठेतरी गळती."

"नाही, बाई."

"लहानशी. एखादी."

"असती तर मलाही बरं वाटलं असतं." त्याने दिवा बंद केला. शटर वर सरकवलं, तसा दुपारचा पांढरा उजेड दोघांच्या तोंडावर आला. "बाबांना फोन लावा. म्हणावं, मी येईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेऊ नका. तोवर मी प्लग बसवतो. इथून थेट घरी जाऊ आणि त्यांना दवाखान्यात नेऊ. डॉक्टरांना काय सांगायचं ते मी सांगेन."

बाईंनी पर्समधून फोन काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. तिसऱ्यांदा बाबांचा नंबर लागला. रिंग वाजत राहिली. मिस्त्री इंजिनावर वाकून घाईघाईने पाना फिरवत होता.

पलीकडून फोन उचलला गेला.

"बाबा," बाई म्हणाल्या.

"अगं, मी बोलतोय ताई," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच हळुवार होता. "बाबांचा आत्ताच डोळा लागलाय. तू नको धावपळ करूस. मी आहे ना त्यांच्याजवळ."