वरची पट्टी

विद्यापीठाच्या जॅझ बँडमध्ये एकच गायिका घेणार होते. थोरलीला तिथे दोनदा नकार मिळाला होता, म्हणून ती पियानोकडे वळली होती. या वेळी धाकटी गाणार होती आणि पियानोवर ताईच होती. दोघींनी घरी ते एकच गाणं महिनाभर घोटलं होतं.

निवडीच्या दिवशी पियानो सुरू झाला तो भलत्याच वरच्या पट्टीत. बँडच्या बास आणि ड्रमने साथ धरली. धाकटीने कसंबसं रेटलं, पण शेवटच्या ओळीला आवाज चिरकला आणि परीक्षकांनी माना खाली घातल्या.

बाहेर येताच ताई तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. "हात थरथरत होते गं, चुकून वरची पट्टी लागली. वाटोळं केलं मी तुझं."

"वेडी आहेस का, ताई? घाबरलं की होतं असं." धाकटीने तिचे डोळे पुसले आणि ती तिच्यासाठी पाणी आणायला गेली.

नळापाशी बासगिटारवाला भेटला. "काय गं, एवढी वरची पट्टी कशाला घेतलीस?"

"मी कुठे घेतली? ताईकडून चुकून लागली."

 

"चुकून? अगं, तुला तीच हवी आहे म्हणून तिने आम्हाला परवाच सांगून ठेवलं होतं."