वेग पाच

"इंजिनात परका बदल आढळला. तपासणी होईपर्यंत वेग वीस," गाडी मायेच्या आवाजात म्हणाली, आणि भर दुपारी घाटाच्या पहिल्याच चढाला तिचा जोर ओसरला.

दौलू मिस्त्रीच्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा, मंजुळाचा, साप चावलेला पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. दवाखाना घाटापलीकडे, तीस किलोमीटरवर.

"शर्यतीसाठी इंजिन बदलून गाडी नटवली न्हवं तुमी," ती क्षीण हसली. "मला कधी नटवलं न्हाई."

"गप पड गं," दौलू मिस्त्री म्हणाला.

बॅटरीची वायर काढून दहा मिनिटं थांबलं की इंजिनाचा कॉम्प्युटर केलेलं सगळं विसरतो, ही मिस्त्री लोकांची जुनी रीत. त्यानं वायर काढली आणि मंजुळाच्या कपाळावर ओला पंचा धरून बसला. दहा मिनिटांत सूज मांडीला पोचली. त्यानं वायर जोडली.

"आठवण पुसण्याचा प्रयत्न आढळला," गाडी म्हणाली. "वेग पाच."

दौलूनं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. मोळी घेतलेली एक बाई गाडीच्या बरोबरीनं चढ चढत होती. तिनं खिडकीतून मंजुळाच्या उघड्याच राहिलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मोळी रस्त्याकडेला उतरवली आणि हळूच म्हणाली, "दादा, आता थांबव गाडी."