मी सगळ्यात शेवटी

“नू पार्ले... नाही, नू पार्लों. व्हू...” क्षितिजा चौथ्यांदा त्याच जागी अडकली आणि तिने वही सोफ्यावर आपटली.

समोर फरशीवर तिची हौसाआत्या बिरडं सोलत बसली होती. मोड आलेल्या वालाची सालं काढायला तिला डोळे लागत नसत. त्यामुळे ते मोकळे होते आणि मघापासून क्षितिजावरच खिळले होते.

“काय म्हनतंस गो ते?”

“‘बोलणे’. फ्रेंचमध्ये.”

“बोलनं एकच. मंग सा वेला कशाला?”

“माणसं सहा ना. मी बोलते, तू बोलतोस, तो, आम्ही, तुम्ही, ते. क्रियापद तेच, शेपटी बदलत जाते.”

आत्याचे हात थांबले. “म्हंजे मांडव तोच, पाव्हनं बदलतान. मना पुन्ना म्हनून दाव.”

फ्रेंच घ्यायची अक्कल क्षितिजाचीच. टेमघरच्या मैत्रिणीने, मृणालीने सांगितलं होतं, फ्रेंचला मार्क पडतात. पडले, पण ते मृणालीला. अकरावीच्या पहिल्या चाचणीत क्षितिजाला वीसपैकी चार. माधवी मॅडमनी स्वच्छ बजावलं होतं, शुक्रवारी दहा क्रियापदं तोंडी आली नाहीत तर फ्रेंच सोडायचं आणि हिंदी घ्यायचं. इकडे पप्पांनी पूर्णा गावापासून धामणकर नाक्यापर्यंत भेटेल त्याला सांगून ठेवलेलं, आमची पोर फ्रेंच शिकते. नाक कापलं जायला चार दिवस उरले होते.

हौसाआत्याचं दुःख याहून जुनं होतं. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिने गायलेल्या धवल्यांवर एकेक विधी पुढे सरके. ती थांबली की लग्न थांबे. चाळीस वर्षं तिने पंचक्रोशीतली लग्नं लावली. मग गावात गोदामं आली, ट्रकांची धूळ आली, मागोमाग दमा आला. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं आणि मागे गाणारं कोणी नव्हतं. गेल्या वर्षी तिने क्षितिजाला विचारून बघितलं होतं, चार धवले तरी शीक. क्षितिजा म्हणाली होती, “मला नाही पाठ होत, आत्या. आणि आता डीजे असतो ना.” आत्याला ते फार लागलं होतं, पण तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

आता तिने तीनदा ऐकून ‘पार्ल’चे सहाही तुकडे एका चालीत बसवले. उच्चार ऐकून अख्ख्या फ्रान्सने कानांवर हात ठेवले असते, पण शेपटी एकही चुकली नाही. क्षितिजा बघतच राहिली.

आत्याला खटकला तो फक्त क्रम.

“मी आधी? मांडवान कुनी सवताचं नाव आधी घेतं काय? आधी ते, देव नि मोठी मानसं. मंग तुमी, आमी. मी सगल्यांत शेवटी.”

तेव्हापासून घरात फ्रेंच उलटं सुरू झालं. क्रियापदं दहा, चाल एक. मध्ये ठरलेल्या जागी श्वास, शेवटची ओळ दोनदा. श्वास दुसरीकडे घेतला की आत्या पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी.

“फ्रेंचला श्वास कुठेही घेतला तरी चालतो,” क्षितिजा वैतागून म्हणाली.

“मना न्हाय चालत.”

शिवाय प्रश्न संपत नसत. तिकडच्या बाया लग्नात गातान काय? देवाला तिकडं तू म्हनतान का तुमी? या वयात आत्याला फ्रेंचचं हे काय खूळ लागलं, ते क्षितिजाला कळेना. चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटे, पण आत्या सदानकदा काहीतरी गुणगुणतच असायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणून क्षितिजा गात राहिली.

शुक्रवारी ती मॅडमसमोर उभी राहिली. बोटांनी बाकावर ताल धरून तिने दहाही क्रियापदं म्हटली. एकही चूक नाही.

“सगळं उलटं का गं?” मॅडमनी विचारलं.

“आमच्यात मी शेवटी येते, मॅडम.”

मॅडम हसल्या. “राहा फ्रेंचला,” म्हणाल्या.

रविवारी चुलतभावाची, भावेशची हळद होती. डॉक्टरांचं न ऐकता हौसाआत्या मांडवात येऊन बसली. तिच्या धवल्यात एकेका नातलगाचं नाव येई आणि ते माणूस पुढे होऊन हळद लावी. नाव आल्याशिवाय कोणी हलायचं नाही, ही रीत. आत्याने दोन ओळी म्हटल्या. तिसरीला खोकल्याची उबळ आली आणि आवाज बसला तो बसलाच. हळदीत बुडवलेली बोटं घेऊन भावेशचा मामा अवघडून उभा राहिला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोपऱ्यात डीजेवाल्याचा हात बटणाकडे गेला.

आत्याने मनगट धरून क्षितिजाला शेजारी बसवलं.

“आता तू म्हन.”

“मला कुठे येतो धवला, आत्या?”

“चार दिस काय गात व्हतीस मंग?” आत्या धापा टाकत म्हणाली. “त्यातलं फ्रेंच काढ नि आपली मानसं घाल.”

क्षितिजाने श्वास घेतला, आत्याला चालायचा तिथेच, आणि गावदेवापासून सुरुवात केली.