गाळातला काळा पट्टा

"बोट वर घे, पोरी," पिरिहिरा म्हणाली. "माझ्या भावाच्या गाई अठ्ठ्याऐंशी साली आल्या. आमचं तळं त्यांनी मारलं."

तळ्याचा अभ्यास करायला आलेल्या मेगनने नळीवरचं बोट हलवलं नाही. तळ्याच्या बुडातून काढलेल्या गाळाची लांब नळी दोघींच्या मध्ये मेजावर आडवी होती. खालच्या, जुन्या थरांत शेकडो जातींच्या जीवाणूंच्या खुणा सापडल्या होत्या. कुणी सडका पाला पचवणारे, कुणी पाण्यात उतरलेलं खत मोडून काढणारे. त्यांच्याच जिवावर तळं नितळ होतं. मग एक काळा पट्टा. त्याच्या वर बहुतेक जाती गायब. माजले होते ते पाण्यावर विषारी हिरवी साय धरणारे.

"आजी, हा पट्टा चोपन्न सालचा आहे. गाईंनी भर घातली, पण तोवर तळं आजारी पडून तीस-पस्तीस वर्षं झाली होती. त्या साली इथे काय झालं होतं?"

 चोपन्न साली पिरिहिरा सात वर्षांची होती. छातीभर पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसत. पायानेच शिंपले चाचपायचे, काठावर आई ते उकडायची, बाबा वाम मासे धुरावर भाजत बसायचे. त्याच वर्षी बाबांनी डोंगरावरची झाडी जाळून गवत पेरलं. मग त्यांनी मागवलेलं छोटं विमान आलं आणि डोंगरभर पांढरं खत सांडत गेलं. पोरं त्या भुकटीत नाचली. बाबांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. बाबा इतके हसलेले तिने पुन्हा पाहिले नाहीत. पुढच्या वर्षी तिला आत्याकडे ऑकलंडला धाडलं.

ती परतली ती नव्वद साली, बाबांच्या मातीला. तळं हिरवंगार, काठावर भावाच्या, तामातीच्या गाई. सगळ्या गोतासमोर ती भावाला म्हणाली होती, "बाबांचं तळं तू नासवलंस." त्यानंतर ती गावातच राहिली, पण त्याच्या फाटकातून आत गेली नाही. बत्तीस वर्षं.

त्या दुपारी ती गेली. तामाती ओसरीवर बूट काढत होता. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"चोपन्न साल," ती उभ्यानेच म्हणाली. "ते खत."

"हं."

"तुला ठाऊक होतं?"

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या वर्षी शिंपले तोंडं उघडून काठाला लागले. बाबांनी आणि मी फावड्याने पुरले. तीन दिवस लागले."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस, तामा? सगळ्यांच्या देखत मी तुला इतकं बोलले."

तामातीने दुसरा बूट काढला, पायरीवर आपटून चिखल झाडला.

"बाबांना नुकतं मातीत ठेवलं होतं, पिरी. त्यांच्यावरचा राग तू कुठे नेला असतास? मी निदान समोर होतो."